बिनआवाजाचा आहेर

कंपनीचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर तिची जाहिरात होईल, आणि फुकट जाहिरात करायला मी काही तिचा जावई लागत नाही. कॅमेरे बनवते, एवढं पुरे.

मी सोमेश्वर. आखाडा बाळापूरला बसस्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. बावीस वर्षं झाली, वसमतपासून सेनगावपर्यंत लोकांच्या लग्नाचे फोटो काढतो. हळद, देवक, वरात, सगळं. पण खरी परीक्षा आहेराच्या वेळी असते. आमच्याकडे रीत अशी की देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं कपड्यांची घडी दोन्ही हातांनी धरायची, तोंड कॅमेऱ्याकडे करायचं आणि थांबायचं. फ्लॅश पडला, खटाक आवाज आला, की हात सोडायचा. तोवर आहेर झाला असं कोणी मानत नाही. कपडे काय, चार दिवसांत धुण्याला जातात. अल्बम मात्र तीस वर्षं घरात राहतो आणि आल्यागेल्यापुढे उघडला जातो. फोटोत आहे तर दिलं, फोटोत नाही तर दिलं नाही.

याच रीतीनं माझ्या बहिणीचं माहेर नऊ वर्षं बंद पाडलं. शालूआक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सेनगाव तालुक्यात दिलेली. नऊ वर्षांपूर्वी तिच्या नव्या घराची वास्तुशांती होती आणि मी तिथं भाऊही होतो आणि फोटोग्राफरही होतो. माझा आहेर द्यायची वेळ आली तेव्हा फोटो कोण काढणार? मी कॅमेरा स्टँडवर लावला, दहा सेकंदांचा टायमर सुरू केला आणि पळत जाऊन रामकिशनदाजींसमोर घडी धरून उभा राहिलो. आठव्या सेकंदाला चुलीकडून कोणीतरी ओरडलं की भात लागला. दाजी घडी सोडून तिकडे धावले. दहाव्या सेकंदाला फ्लॅश पडला.

फोटोत मी एकटा. दोन्ही हातांत भरगच्च आहेर, चेहऱ्यावर हसू आणि पाऊल घराबाहेरच्या दिशेला. त्यानंतर लगेच मी ते कपडे आक्काच्या हातात दिले, पण त्याचा फोटो नाही. हंगामाचे दिवस होते. माझी बायको पुनम अल्बम जुळवते. तिला तो फोटो आवडला, म्हणून तिनं तो पान भरून मोठा केला आणि खाली गुलाबाची फुलं टाकून लिहिलं, ‘आनंदाचे क्षण’. मी न बघता अल्बम पाठवून दिला.

दाजींच्या आईनं, मालनबाईनं, अल्बम उघडला आणि एवढंच म्हणाली, ‘‘सोमेश्वर आहेर घिऊन माघारी चालला की.’’

संपलं. भावकीनं पाहिलं, गावानं पाहिलं. दाजींनी आम्ही दिलेल्या कापडाची सफारी शिवली, ती अंगात घालून ओसरीवर बसले आणि येईल त्याला सांगू लागले की मेव्हण्यानं आहेर दाखवला अन् परत नेला. कोणीही त्यांना विचारलं नाही की मग अंगात काय आहे. नऊ भाऊबिजा गेल्या, आक्काला त्यांनी पाठवलं नाही. दर रविवारी ती शेतातून चोरून फोन करायची आणि मी तिला तो टायमर समजावून सांगायचो. ती ऐकून घ्यायची.

यंदा तिच्या मुलीचं, प्रियंकाचं, लग्न ठरलं. दाजींनी आक्काच्याच तोंडून निरोप दिला: मामानं यावं, फोटोही त्यानंच काढावेत, म्हणजे तेवढं फुकटात होईल, आणि भर मांडवात आहेर करावा. फोटो बराबर आला तर शालू पाच दिवस माहेराला येईल. नाही आला तर पुन्हा नातं नाही.

आता माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश म्हातारा झाला होता. दहातला एखादा खायचा. नेमका माझ्या आहेराला त्यानं दगा दिला असता तर? या एका भीतीपायी मी वसमतच्या वर्कशॉपला गेलो.

वर्कशॉप म्हणजे कंपनीनं मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन चाळीस फोटोग्राफरांना जेवण, एक टोपी आणि एक पिशवी देणं. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. वयानं लहान, बोलायला गोड. त्यांनी पडद्यावर एक उतरती रेघ दाखवली. म्हणाल्या, ‘‘हे छोट्या कॅमेऱ्यांचं मार्केट. मोबाइलनं खाल्लं. म्हणून आम्ही स्ट्रॅटेजी बदलली. स्वस्त कॅमेरे बंद. आता कमी विकायचे, पण महाग विकायचे.’’

आम्ही टाळ्या वाजवल्या. महाग घेणारे आम्हीच, हे टाळ्या वाजवून झाल्यावर लक्षात आलं.

मग त्यांनी नव्या कॅमेऱ्यातून काय काय काढून टाकलं ते सांगितलं. आरसा काढला. शटरचा पडदा काढला. आवाज काढला. वजन काढलं. फ्लॅशची गरजच काढली. एकेक गोष्ट काढत गेल्या तशी पडद्यावरची किंमत चढत गेली. कळमनुरीकडचा फुलसिंग फोटोग्राफर माझ्या शेजारी बसला होता. त्यानं हात वर केला.

‘‘मॅडम, समदं काढून टाकल्यावर डब्यात काय राह्यलं?’’

‘‘एक्स्पिरियन्स, सर,’’ मॅडम म्हणाल्या.

जुना कॅमेरा दिला तर नव्यावर भरघोस सूट होती. अट एकच. जुने कॅमेरे बाजारात फिरत राहिले तर नवे कोण घेणार, म्हणून मालकानं स्वतःच्या हातानं आपला कॅमेरा फोडायचा. स्टेजवर पाट मांडला होता, त्यावर हातोडा, हातोड्याला झेंडूची माळ. एकेक जण वर जाऊन फोडत होता आणि कंपनीचा माणूस त्याचा फोटो काढत होता. नव्या कॅमेऱ्यानं काढत होता, त्यामुळे कधी काढला ते कोणाला कळलं नाही. मीही फोडला. तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हे सांगून टाकतो. मला आक्काचे पाच दिवस दिसत होते.

वाईट वाटलं ते घरी आल्यावर. नव्या कॅमेऱ्याला एक आवाज होता, पण तो स्पीकरमधून यायचा आणि अगदी पाल चुकचुकल्यासारखा यायचा. मी पहिला फोटो काढला तशी पुनमनं ओट्यावर बोट वाजवून ‘‘कृष्ण कृष्ण’’ म्हटलं. दुसरा काढला, पुन्हा कृष्ण कृष्ण. लग्नघरात असला आवाज झाला तर लोक मला मांडवातून उचलून बाहेर ठेवतील. मी तो बंद केला. मग कॅमेरा इतका गप्प झाला की फोटो निघाला की नाही ते मलाही बघावं लागायचं.

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, ‘‘सर, खटाक आवाज येणार आहे. पुढच्या दिवाळीला. मासिक पॅक घ्यावा लागेल.’’

‘‘आणि फ्लॅश?’’

‘‘या शटरला फ्लॅश चालत नाही, सर. पण अंधारातही फोटो येतो ना?’’

‘‘फोटो येतो हो मॅडम. पण आला हे लोकांना कळत न्हाई. ते कपडे सोडत न्हाईत.’’

मग त्यांनी मला रीत सगळी पुन्हा सांगायला लावली, लिहून घेतली, वर कळवली, आणि तिसऱ्या दिवशी कळवलं की वरचे साहेब फार खूश आहेत, हे कंपनीला माहीतच नव्हतं, त्या स्वतः लग्नाला येऊन अभ्यास करतील. मी म्हटलं, या. आहेराच्या वेळी माझा फोटो काढायला कोणीतरी हवंच होतं. दुसरा जुना कॅमेरा मिळतो का तेही पाहिलं. पण एका दुपारीत निम्म्या जिल्ह्याचे फ्लॅश आम्हीच फोडले होते आणि उरलेले हंगामात गुंतले होते.

लग्न बाराला लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, जेवणाची पंगत बसायची होती. माइकवर पुकारा झाला, ‘‘नवरीच्या मामाचा आहेर.’’ मामाचा मान पहिला. माझ्यामागे टॉवेल-टोपी, साड्या, भांडी घेऊन पाऊणशे माणसांची रांग उभी. मी आणि पुनम स्टेजवर चढलो. समोर दाजी, त्यांच्या मागे आक्का. नऊ वर्षांनी मी तिला इतक्या जवळून पाहत होतो. केस पांढरे झाले होते. मला भडभडून आलं. पण दाजी म्हणाले, ‘‘फोटोकडं पाहा.’’ मग मी फोटोकडे पाहिलं.

घडीत सगळ्यात वर टोपी, खाली पँटशर्टचं कापड आणि त्याखाली आक्काची साडी. मी इकडून धरली, दाजींनी तिकडून धरली. त्यांची बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट. समोर मॅडम कॅमेरा डोळ्याला लावून उभ्या.

‘‘झालं, सर,’’ मॅडम म्हणाल्या.

दाजी हलले नाहीत. ‘‘काय झालं?’’

‘‘फोटो झाला.’’

‘‘कवा?’’

‘‘आत्ता. एका सेकंदाला चाळीस निघतात.’’

‘‘मला तर एकबी ऐकू आला न्हाई,’’ दाजी म्हणाले. ‘‘मागल्या टायमाला मी सोडलं आन घोटाळा झाला. ह्या टायमाला मी सोडत न्हाई. निघू द्या बराबर.’’

मॅडमनी कॅमेऱ्याचा पाठचा पडदा उघडून आमच्याकडे फिरवला. पडद्यावर आम्ही दोघं घडी धरून उभे. दाजींनी मान डावीकडे केली, पडद्यातल्या दाजींनीही मान डावीकडे केली.

‘‘हे तर चालू हाय,’’ दाजी म्हणाले. ‘‘हे आरशावाणी झालं. निघालेला कुठंय?’’

मॅडमनी निघालेला दाखवला. पण एकदा चालू दिसल्यावर दाजींचा पडद्यावरचा विश्वास उडाला होता. माइकवाल्यानं युक्ती काढली. तो मोठ्यानं म्हणाला, ‘‘खटाक.’’ रांगेतून जळबा म्हातारा ओरडला की तोंडानं जेवलो म्हटल्यानं कोणाचं पोट भरतं का. ते लोकांना पटलं. कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावून विझवली. दाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पंगतीत जाऊन बसला.

मीही सोडलं नाही. मी सोडलं असतं तर? आणि नंतर काही तरी बिनसून फोटो आलाच नसता तर? मॅडम काढतात ते खरं, पण मलाही आवाज आला नव्हता, आणि बावीस वर्षं मी आवाजाचंच खाल्लं आहे. आम्ही उभे राहिलो.

अर्धा तास झाला. पंगत उठली, दुसरी बसली. तोंडं कॅमेऱ्याकडे, चेहऱ्यावर हसू, कारण कोणत्या क्षणी निघेल सांगता येत नव्हतं. हसू न हलवता दाजी ओठांच्या फटीतून बोलू लागले.

‘‘कसं काय चाललंय दुकान?’’

‘‘बरंय,’’ मीही फटीतूनच म्हणालो. ‘‘तुमची शेतातली हळद?’’

‘‘हाय. एक सांगू का, ते सफारीचं कापड लई झ्याक निघालं.’’

‘‘मंग दाजी, नऊ वर्सं काहून धरून बसले?’’

‘‘फोटो तसा व्हता ना. मायनं पाह्यला, भावकीनं पाह्यला. म्या एकट्यानं काय म्हणावं?’’

‘‘अंगात व्हती की तुमच्या.’’

‘‘अंगातलं अल्बमात कुठं दिसतं?’’ दाजी म्हणाले, आणि मला त्यांचं म्हणणं कळलं. धंदाच माझा तो.

मॅडमनी दुसरं कार्ड घातलं, तिसरी बॅटरी घातली. मधून मधून त्या वरच्या साहेबांशी व्हिडिओवर बोलत होत्या. साहेब तिकडे उभे राहून टाळ्या वाजवत होते. ‘‘सर, हेड ऑफिस म्हणतंय की आजवर कुठल्याच ब्रँडला ग्राहक इतका वेळ कॅमेऱ्यासमोर धरून ठेवता आलेला नाही,’’ मॅडमनी मला सांगितलं. ‘‘फक्त तुम्ही हसत राहा.’’

रांगेतले लोक जमिनीवर बसले. काहींनी आपले आहेर परत पिशवीत घातले. माइकवाला दर पाच मिनिटांनी म्हणत होता, ‘‘मामाचा आहेर चालू आहे.’’

मग नवरदेवाकडच्यांची घाई सुरू झाली. गाडी नांदेडच्या पुढे जायची होती. प्रियंकाला निघायचं होतं. ती रडत रडत स्टेजवर आली, आधी बापाच्या पाया पडली. दाजींचे दोन्ही हात घडीला गुंतलेले. त्यांनी आशीर्वाद म्हणून हनुवटी तिच्या डोक्याला लावली, नजर कॅमेऱ्याकडे ठेवून. मग ती माझ्या पाया पडली.

‘‘मामा, सोडा की आता,’’ ती म्हणाली. ‘‘पप्पा, मला गाडीपोस्तर सोडायला तरी चला.’’

‘‘तू हो पुढं, लेकरा,’’ दाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. ‘‘हे एवढं झालं की आलोच.’’

आक्का आणि पुनम तिला गाडीपर्यंत सोडायला गेल्या. बायकांचं रडणं ऐकू आलं, गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं, ती लांब गेल्याचं ऐकू आलं. पोरगी गेली होती आणि आम्ही दोघं तिच्याकडे पाठ करून उभे होतो. त्या वेळी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही, तरी मी सोडलं नाही.

आक्का परत आली. तोंड पदरानं पुसलं, स्टेजवर चढली आणि आमच्या दोघांच्या मध्ये, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिनं ओरडून काही म्हटलं नाही. मांडवात एवढं शांत होतं की ओरडायची गरजही नव्हती.

‘‘नऊ वर्सं झाली,’’ ती दाजींना म्हणाली. ‘‘त्या दिशी मी तिथंच उभी व्हते ना? तुमच्या बाजूला? माझ्या हातात दिले कपडे सोमेश्वरनं. तुमची सफारी टेलरकडं म्या नेऊन टाकली. साडी म्या नेसले. तुमी अल्बमाला इचारलं, मायला इचारलं, भावकीला इचारलं. मला डोळे हायेत. मला काहून इचारलं न्हाई कोणी?’’

दाजींचं हसू तसंच राहिलं होतं. ते उतरवायचं कसं तेच त्यांना सुचत नव्हतं.

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं, माझ्या वाट्याला दुसरं काही तरी येईल.

‘‘आन तू. दर रविवारी फोनवर मी व्हते. तू मला टायमर सांगायचा. दहा सेकंद, आठ सेकंद. एकदा तरी म्हणावं ना, आक्का, तू सांग. आज पुन्ना तेच. तुला मला न्यायचं न्हवतं, सोमेश्वर. तुला फोटो न्यायचा व्हता.’’

मॅडम हळूच म्हणाल्या, ‘‘ताई, जरा बाजूला... फ्रेममध्ये येताय.’’

आक्कानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मॅडमनी कॅमेरा खाली केला. सव्वा तास झाला होता. मग आक्कानं आमच्या हातांमधल्या घडीत हात घातला, खालची आपली साडी कागदासकट ओढून काढली आणि काखेत धरली. उरलेली घडी आमच्या हातांत लोंबत राहिली.

‘‘मी माहेराला चालले,’’ ती म्हणाली. ‘‘फोटो निघू नायतर न निघू. पाच दिवस का पंधरा, ते मी ठरवीन.’’

ती पुनमला घेऊन मांडवाबाहेर गेली आणि आमच्या जीपमध्ये जाऊन बसली. मी दाजींकडे पाहिलं. ते गाडी गेली त्या रस्त्याकडे पाहत होते. आम्ही कधी हात सोडले ते आम्हाला कळलं नाही. कापड खाली पडलं होतं.

‘‘जा,’’ दाजी म्हणाले. ‘‘ती बसंल तशी जाईल. तुझी वाट पाहायची न्हाई.’’

मी धावलो. ड्रायव्हरनं जीप खरंच सुरू केली होती. मी मागच्या बाकावर आक्काच्या समोर बसलो. पुनम खिडकीबाहेर पाहत होती. सेनगाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना तूर लागली. मॅडमचा मेसेज आला की अकरा हजार फोटो आहेत आणि पहिलाच अगदी बराबर आला आहे. मी मोबाइल बंद करून खिशात ठेवला.

‘‘आक्का,’’ मी म्हणालो, ‘‘त्या दिशी म्या आहेर दिला व्हता का?’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करतो आहे का, ते बघत होती बहुतेक. मग सावकाश म्हणाली, ‘‘दिला व्हता. घडी माझ्या हातात दिली आन म्हणला, आक्का, भात लागला का बघ.’’ ती पुढे म्हणाली, ‘‘साडी निळी व्हती. निळा रंग मला लहानपणापासून आवडत न्हाई. तरी नेसले. तेबी कोणी इचारलं न्हाई.’’

साडीचं कागदात गुंडाळलेलं पुडकं तिच्या मांडीवर होतं. वसमतला दुकानात पुनमनं आजच्या आहेरासाठी चार साड्या माझ्यासमोर टाकल्या होत्या आणि त्यातली ही मी स्वतः बोट लावून निवडली होती. नंतर सव्वा तास ती माझ्या हातात होती. रंग कोणता ते मला आठवेना.